भावापुरता श्वास

कान तपासायच्या केबिनचं जाड दार लागलं की बाहेरचं जग पुसून जायचं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही आत यायची नाही. ताई तिथे एकोणीस वर्षं लोकांचे कान तपासत होती. जे ऐकू येतं ते मोजता येतं, यापलीकडे कशावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

पण धाकट्या भावाच्या फुप्फुसांनी दगा दिला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ती मुकाट्याने विहारातल्या भिक्खुणीकडे गेली. साधना सोपी होती. श्वास आत घेताना त्याचं दुखणं घ्यायचं, सोडताना आपलं बरेपण त्याला द्यायचं.

"आणि उठण्याआधी ते सगळ्या जिवांसाठी सोडायचं," भिक्खुणी म्हणाली. "एकाच माणसापाशी थांबायचं नाही."

ताई रोज जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये बसू लागली. शेवटची पायरी मात्र तिने गाळली. जगभर वाटत सुटलं तर धाकट्याच्या वाट्याला काय उरणार? माया अशीच हावरट असते, तिला नावं ठेवून उपयोग नाही.

नवव्या दिवशी त्या शांततेत तिला दुसरा श्वास ऐकू आला. तिचा आत जाई, तेव्हा तो बाहेर येई. तिने दार पाहिलं. घट्ट बंद होतं.

त्याच आठवड्यात भाऊ इस्पितळातून स्वतःच्या पायांनी घरी आला. ताईला आनंदाने रडू कोसळलं.

मग भावजयीचा फोन आला. "ताई, यांचा बोलता बोलता श्वासच थांबतो हो. आज अकरा वीसला थांबला, मग पावणेबाराला."

ताईने समोरच्या तपासणीच्या कागदांवरच्या वेळा पाहिल्या. अकरा वीस. पावणेबारा. पेशंटच्या कानाला अगदी बारीक आवाज लावताना ती सवयीने स्वतःचा श्वास रोखून धरायची.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो हसत काहीतरी सांगत होता. तिने श्वास धरला. त्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं, ओठ निळसर झाले. घाबरून तिने श्वास घेतला.

"ताई," तो लाडाने म्हणाला, "जिने जरा हळू चढत जा गं. मला धाप लागते."

उद्या आपलं काही बरंवाईट झालं, तर हाही गेला.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात करण्याआधी ती केबिनमध्ये बसली. या वेळी काही गाळलं नाही. भाऊ, भावजय, रस्त्यावरचे अनोळखी, सगळे. सगळ्यांसाठी सोडलं.

दुसरा श्वास विरत गेला.

खात्री करायला ती श्वास रोखून ऐकत राहिली. काही नाही. सुटला गं बाई माझा भाऊ, असं वाटून तिचे डोळे भरून आले. श्वास तसाच धरून तिने उठून दार उघडलं.

बाकावर सात जण नंबर लावून बसले होते.

कुणाचीच छाती हलत नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते.

ताईने श्वास घेतला.

सातही जणांनी एकदम सोडला.