उरलेलं औषध

"डॉक्टरला ती म्हणाली, ताईंनी गोळ्या दिल्या व्हत्या! कोणत्या गोळ्या चारल्या तू माझ्या लहान सुनंला? बोल!" पुष्पाबाईंनी रिपोर्टचं पाकीट प्रभावतीपुढं आपटलं, आणि परातीतल्या पिठात तिचे हात जागीच थिजले... धाकट्या जावेच्या, अर्पिताच्या, दोन्ही गर्भनलिका बंद झाल्या होत्या!

"तुझी दोन हायेत, मंग तिला एकबी नको व्हय?"

चार वर्षांपूर्वी ओटीपोटातल्या कळा, ताप आणि अंगावरून जाणं यांनी प्रभावती बेजार झाली, तेव्हा सरकारी दवाखान्यानं तिला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. सातव्या दिवशी कळा थांबल्या, आणि त्याच दिवशी नव्या नवरीनं, अर्पितानं, न्हाणीच्या आडोशाला तिचे पाय धरले, "ताई, मलाबी तसंच व्हून राह्यलंय... कुणाला सांगू नका, माझी शपथ हाय!" उरलेलं औषध प्रभावतीनं तिच्या ओंजळीत ठेवलं. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, असंच दोघींना वाटलं. पण संसर्ग आत धुमसतच राहिला... दोघींच्याही!

"चुकलं माझं, आत्या," ती एवढंच म्हणाली.

तोच दाराआडून हुंदका फुटला. "न्हाई आत्या! मीच मागितल्या. सोताच्या तोंडच्या गोळ्या दिल्या ताईंनी. अजून कंबर धरून कापूस वेचतात त्या... अन् मी दाराआड लपून ऐकत राह्यले! मारा मला, ताई!"

प्रभावतीनं तिला छातीशी धरलं. "येडी का काय तू? बघ, समदी पाठ पिठानं भरली."

पुष्पाबाई दोघींजवळ येऊन बसल्या. "आम्हालाबी असंच दुखायचं गं... आम्ही तरी कुणाला सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी दोघी जावा बरोबरच दवाखान्यात गेल्या.

"चिकटलेल्या नळ्या गोळ्यांनी उघडत नाहीत," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पण पुढचं नुकसान थांबवता येईल. दोघींनी आपापलं औषध पूर्ण घ्यायचं. आणि नवऱ्यांनीही, नाहीतर त्यांच्याकडून पुन्हा लागण होईल. ते कुठे आहेत?"

प्रभावतीनं नवऱ्याला, भागवतला, फोन लावला.

"बायकांच्या दुखण्यात आमचं काय काम? जल्दी घरी या!"

फोन बंद झाला. अर्पिताच्या नवऱ्यानं, सुग्रीवनं, तर उचललाच नाही.

"ताई, त्यांनी न्हाई घेतलं तर?"

प्रभावतीनं तिचा हात घट्ट धरला आणि पुन्हा भागवतचा नंबर लावला... परत लावला... परत.