सुलतानपूरचं बारसं

नांदुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गीताबाई एकटीच नर्स होती. कुणी काही सांगितलं तर ते दोनदा विचारून खात्री करून घ्यायची तिला सवय होती. सन त्रेसष्टच्या थंडीत वरवट बकालहून आशाबाईला बैलगाडीतून आणलं. तिच्या चौदा दिवसांच्या मुलाचे बारशाला कान टोचले होते आणि दोन दिवस झाले तरी रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर नारायणरावांनी अकोल्याहून रक्त मागवून पोर वाचवलं. आशाबाईचा आधीचा मुलगा असाच गेला होता.

तिचे सासरे हिंमतराव व्हरांड्यात म्हणाले, "हिचा पायगुणच वाईट हाय, डॉक्टरसाहेब. हिले आता माहेरीच धाडतो."

डॉक्टरांनी त्यांना आत बसवलं आणि वहीत आशाबाईचं कुळ काढलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, ज्याचं रक्त थांबत नाही तो चौकोन काळा.

"हा दोष आईकडून येतो, पण त्यात आईचा अपराध नाही," ते म्हणाले. "डोळ्यांचा रंग येतो तसा येतो. बाईच्या अंगात तो निजून असतो, मुलात जागा होतो. तोही प्रत्येक मुलात नाही. सुई-विळ्यापासून जपा, रक्त आलं की लगेच इथं आणा."

"म्हंजे करणी नाही?"

"नाही."

हिंमतरावांनी त्या गोल-चौकोनांवरून एकदा बोट फिरवलं. मग बाहेर जाऊन सुनेला म्हणाले, "चाल, घरी जाऊ." दवाखान्यातल्या दहा दिवसांत आशाबाई पहिल्यांदा रडली.

आशाबाईच्या दोन मावश्या होत्या. रुक्मिणीबाई खामगावला, सोजराबाई सुलतानपूरला. सोजराबाईची मुलगी नुकतीच बाळंत झाली होती. मुलगा होता आणि शुक्रवारी बारसं. डॉक्टरांनी वही गीताबाईच्या पिशवीत घातली आणि कान टोचण्याआधी पोचायला तिला गुरुवारीच खामगावमार्गे सुलतानपूरला निघायला सांगितलं.

खामगावला रुक्मिणीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. कुळात रक्त न थांबून कोण गेलं, हा गीताबाईचा प्रश्न ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता पुन्हा काऊन पुसता? काल तुमची बाई येऊन गेली ना."

"कोणती बाई? दवाखान्यात मी एकटीच आहे."

"उंच होती. हिरवं लुगडं. दाराशीच बसली. पाणी देलं, तर हातही नाही लावला."

दाराजवळ सारवलेल्या जमिनीवर कोळशानं गोल आणि चौकोन काढले होते. गीताबाईनं वही उघडून ताडून पाहिलं. ओळ न् ओळ तीच. फक्त वहीत नव्हते असे दोन काळे चौकोन वरच्या बाजूला होते.

"हे दोघं माह्या आईचे भाऊ," रुक्मिणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नाव ठेवायच्या आधीच गेले. मीनं हे कोणालेच सांगितलं नव्हतं."

व्हरांड्यातून डॉक्टरांचं बोलणं कुणीतरी ऐकलं असेल, असं गीताबाईनं मनाशी ठरवलं. पण ते दोन चौकोन? रात्री खामगावच्या धर्मशाळेत तिनं ते पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतले.

शुक्रवारी मेहकरच्या अलीकडे एस.टी. बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. सुलतानपूरला उतरून ती जवळजवळ पळतच निघाली. ज्वारीच्या ओल्या शेतांतून येणारा वारा गार होता, तरी तिची पाठ घामानं भिजली होती. वेशीजवळ सोनार समोरून येताना दिसला. हातात टोचायच्या तारेची डबी.

तिचे पाय थांबले.

"टोचले का कान?"

"कुठले टोचता," सोनार वैतागून म्हणाला. "दारातूनच वापस लावलं मले."

सोजराबाईंच्या ओसरीवर पाळण्याला झेंडूची माळ होती. बाळ झोपलं होतं. गीताबाईनं वाकून दोन्ही कानांच्या पाळ्या पाहिल्या. अखंड, मऊ, कोवळ्या. तिच्या तोंडून हुंदक्यासारखा श्वास सुटला.

"नाळ गळाली तवा तीन दिवस रक्त झिरपून राह्यलं होतं," सोजराबाई म्हणाल्या. "म्हणून तिचं ऐकलं मी. सकाळी आली होती. हिरव्या लुगड्याची."

ते पोर जगलं. दोनदा अकोल्याला रक्त चढवावं लागलं, पण जगलं. पुढं मेहकरच्या शाळेत मास्तर झालं. त्या एका वहीच्या आधारानं नारायणरावांनी या कुळातल्या सहा मुलांना वेळेवर गाठलं. एकही सून माहेरी धाडली गेली नाही.

पण त्या दुपारी गीताबाई निघाली, तेव्हा सोजराबाई तिच्यामागून अंगणापर्यंत आल्या.

"नर्सबाई, तुमच्या आजीचं माहेर कोणतं हो?"

"आईच्या आईचं? ठाऊक नाही. का?"

सोजराबाई जरा घुटमळल्या.

"ती बाई जाता जाता निरोप देऊन गेली. म्हणे, मागून नर्स येईन. तिले सांगजा, तुह्याही पोराचे कान टोचू नको."

"मला मूल नाही," गीताबाई म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर तिनं पदर पोटावर ओढून घेतला. दुसरा महिना होता. तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.