लेगिंग आणि उन्हाचा तुकडा

"बेन, एक विचारू का? ड्रेसखाली लेगिंग… अजून चालते का?"

एका गिऱ्हाइकानं हे नेमकं त्या सकाळी विचारावं, आणि तेही सुवर्णामामीच्या तोंडावर.

सुरतेत पर्वत पाटियाला मामीचं दुकान तळघरात आहे. रस्त्यावरून अरुंद जिना खाली येतो आणि खाली दिवसभर ट्यूबलाइट जळत असते. ड्रेस-कुर्त्यांचा काउंटर मामीचा, मागची लेगिंगची भिंत माझी. त्या सकाळी मामीनं पर्स ठेवायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "धने, कानबाईचा सण झाला की ही भिंत मोकळी करायची. लेगिंग आता कोण घालतंय? प्लाझो लावू, कॉर्ड सेट लावू. तेवढं माझं मी बघेन."

तिचं तिनं बघितल्यावर मी काय बघणार? मी परत अमळनेर. तिथं ओट्यावर गहू निवडत, कोणी बघायला येतंय का याची वाट पाहत बसायचं… सुरतेत माझी म्हणावी अशी ही एकच भिंत होती. काळी, पांढरी, मेंदी, गाजरी, मोरपंखी. सकाळी मी तिच्यावरून हात फिरवला की दिवस सुरू व्हायचा.

म्हणून मी त्या प्रश्नाला जरा जास्तच ठसक्यात उत्तर दिलं.

"चुन्या पडणारी, चमकणारी लेगिंग गेली. घोट्यापाशी थांबते ती सुती लेगिंग कुठं गेली नाही. ड्रेस कसा आहे, दाखवा बरं."

त्यानं पिशवीतून एक फ्रॉक काढला. हापूसच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, भरपूर घेराचा. धाकट्या बहिणीचा होता. उज्ज्वला तिचं नाव, कॉलेजात पहिल्या वर्षाला. कोसाडला त्यांच्या घरी श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशची देवी, बसते, मिरवणुकीत तिला हाच घालायचा होता. आई म्हणे, उघड्या पायांनी देवीपुढं नाही नाचायचं. आणि मैत्रिणी म्हणत होत्या की लेगिंग घातलीस तर काकू दिसशील.

"मग तुम्हीच सांगा, भाऊ काय करणार?" तो म्हणाला. "उद्यापर्यंत तोडगा काढ, असं म्हणून तिनं मला घराबाहेर काढलं."

मला हसू आलं. त्याच्या हातांकडं माझं लक्ष गेलं, नखांच्या कडा निळ्या होत्या.

"सचिन गावाला कापड रंगवायच्या मिलमध्ये आहे," त्यानं हात मागं घेतले. "रंग जात नाही हो."

मी पिवळ्या लेगिंगचे दोन-तीन पीस काढले. त्यानं ते फ्रॉकला लावून पाहिले, वर ट्यूबलाइटकडं पाहिलं आणि म्हणाला, "उजेडात बघू या?"

आता सुरतेच्या कापडबाजारात हे सगळेच म्हणतात. ट्यूबखाली पाहून कोणी रंग पक्का करत नाही. पण मामीचा नियम होता, पीस वर गेला की पोरीनं बरोबर जायचं आणि पीस घेऊनच खाली यायचं. तेव्हा तो पुढं, मी मागं, असे आम्ही जिना चढलो. वरच्या पायरीवर श्रावणातलं ऊन हातरुमालाएवढं पडलं होतं. शेजारीच पाऊसही पडत होता, पण वाहनांच्या टपांवर, आमच्यावर नाही.

त्यानं पीस उन्हात धरला. "हा. एकदम मॅच."

"मॅच आहे, पण शोभणार नाही."

"म्हणजे?"

"वरून खाली सगळं पिवळं. मुलगी कुठं संपते आणि फ्रॉक कुठं, ते कळायचं नाही."

"बेन, आमच्या मिलमध्ये रंग जरा इकडंतिकडं झाला तर लॉट परत येतो."

"तुमची मिल नाचणार आहे का मिरवणुकीत?"

तो हसला. पण पिवळीच घेऊन गेला. मिलची माणसं हट्टी असतात.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यावरून उतरला तोच मान खाली घालून.

"काय झालं, कुंदनभाई?" बिलावरचं नाव माझ्या लक्षात राहिलं होतं. का राहिलं, कोण जाणे…

"उज्ज्वला म्हणते, मी सोललेला आंबा दिसते."

मी ओढणी तोंडावर घेऊन हसले. मग जांभळाच्या रंगाची लेगिंग काढली. गडद, जवळजवळ काळी, पण हलवली की आतून लाली दाखवणारी.

"पिवळ्याखाली ही?" त्याचा चेहरा पडला. "हे तर… कुठं पिवळं, कुठं जांभळं."

"आंब्याच्या बाजारात जांभूळ बसत नाही का?"

त्यानं पीस हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "उजेडात बघू या?"

आज त्याच्या नखांना गुलाबी कड होती. आणि आज तो मला 'बेन', म्हणजे बहीण, म्हणाला नव्हता. सुरतेत रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत जो तो बेन नाहीतर भाई असतो, ते न म्हणता बोलायचं म्हणजे केवढी कसरत. तो "अहो" म्हणायचा, "ऐका ना" म्हणायचा, कधी नुसताच खाकरायचा. मी मात्र मुद्दाम प्रत्येक वाक्याला 'कुंदनभाई' लावायचे. लावला की तो ओठ चावायचा, आणि ते मला बघायचं असायचं.

त्यानंतर तो येतच राहिला. शेजारच्या मुलीसाठी मेंदी रंगाची, मामेबहिणीसाठी राखाडी.

"सचिनहून कोसाडला जाताना पर्वत पाटिया लागतं का हो, कुंदनभाई?" एकदा मी वर, उन्हाच्या तुकड्यात, विचारलं.

"लागतं ना. थोडं… वळावं लागतं."

"किती थोडं?"

"तुम्ही बिल बनवता की नकाशा?"

त्याच पायरीवर मी त्याला भिंतीचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तो म्हणाला, पुढच्या महिन्यात आत्याच्या मुलीला लेगिंग दाखवायला आणतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या महिन्यात मी नसेन. भिंत गेली की मी अमळनेरला."

त्याच्या हातातला पीस तसाच राहिला. वर ढग आला, आमच्यामधला उन्हाचा तुकडा विझला. तरी आम्ही दोघं तिथंच उभे…

"कानबाईला या," तो अचानक म्हणाला. "सोमवारी सकाळी, विसर्जनाला. मामींनाही आणा. कोसाडच्या सगळ्या पोरी असतील तिथं. लेगिंग जुनी झाली की नाही ते दुकानात बसून कसं कळणार? उजेडात बघू या."

मामी आली. कानबाईला नाही म्हणायची खानदेशी बाईची हिंमत नसते. रिक्षात मात्र मला ऐकवून म्हणाली, "एक पोरगी दाखव मला, लेगिंग घालून नटल्यासारखी दिसते अशी. एक. भिंत राहील."

कुंदनच्या घरात धूप आणि झेंडूचा वास दाटला होता. कानबाई नारळाच्या मुखवट्याची, नथ घातलेली, डोळे असे की आपणच आधी नमस्कार करावा. कुंदनची आई, सुभद्राबाई, कोपरापर्यंत पिठाची होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी निळा घेरदार फ्रॉक घातला होता आणि खाली गाजरी लेगिंग.

"नाव काय शे वं तुन्हं?"

"धनश्री. अमळनेरची."

"आपलीच शे मंग," ती म्हणाली आणि खिरीची वाटी माझ्या हातात दिली. उज्ज्वलानं भाबडेपणानं रोटाचं, देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचं, ताट माझ्यापुढं केलं, तर सुभद्राबाईनं ते हलकेच मागं ओढलं. "हाऊ रोट घरना मानूसलेच देतस, माय. तू खीर ले."

ते मला ठाऊक होतं. आमच्याही घरी तसंच, कानबाईचा रोट घराबाहेरच्या कोणाला द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा. राग कसला येणार? खीर गोड होती. पण त्या झाकलेल्या ताटाकडं माझी नजर पुन्हा गेली, आणि दारात उभ्या कुंदननं ती पाहिली.

मग उज्ज्वला कपडे बदलून आली. प्लाझो घालून.

"अगं, फ्रॉक?" मी विचारलं.

"मैत्रिणी हसतील, ताई." ती नखं कुरतडत म्हणाली. "सगळ्या प्लाझोमध्येच आहेत."

मी तिला आतल्या खोलीत नेलं. "मी आहे ना तशीच. हसल्या तर दोघींना हसू देत." तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ. मग फ्रॉक उचलला.

मिरवणूक निघाली. डोक्यावर कानबाई, पुढं डीजे, आणि रस्ता रात्रीच्या पावसानं चिखलाचा झालेला. पहिल्या वळणापर्यंत प्लाझो दिमाखात होते. दुसऱ्या वळणावर ते चिखल प्यायला लागले. एकीनं दोन्ही हातांनी वर धरले, दुसरीच्या पायात आले, तिसरी "आयो" म्हणून खालीच बसली. आणि चौकात फुगड्यांचं रिंगण मोकळं झालं तेव्हा नाचायला कुणाचे हात रिकामे होते? माझे आणि उज्ज्वलाचे.

आम्ही हात गुंफले. पाय जुळवले. आणि फिरलो.

तिचा पिवळा फ्रॉक छत्रीसारखा उघडला. त्याखाली जांभळी लेगिंग, घोट्यापाशी पैंजण, चिखलाचा एक थेंब नाही. ऊन ढगातून निसटून थेट त्या घेरावर आलं. माझा निळा घेर तिच्या पिवळ्याला भिडत होता, सुटत होता. कडेनं बाया टाळ्या वाजवायला लागल्या. "गानं म्हन वं," कोणीतरी ओरडलं, आणि फुगडीत गाणं जिभेवर यावं लागतं, आणावं लागत नाही. ते आलं—

"जिनावर जिना, वर उन्हना तुकडा,
रंग देखता देखता कोन देखे मुखडा?"

बाया खदखदून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "कोना मुखडा वं?" उज्ज्वला फिरता फिरताच हनुवटीनं भावाकडं खूण करून मोकळी झाली. कुंदन ढोलाच्या आड लपायला गेला. डीजेला ढोल नव्हता. तो नुसताच लाल चेहऱ्यानं उघड्यावर उभा राहिला.

फुगडी सुटली तेव्हा प्लाझो हातात धरलेल्या पोरी उज्ज्वलाभोवती जमल्या. "कुठून घेतलीस? हाच रंग आहे का अजून?" मामी शेजारीच होती. तिनं पदर नीट केला, घसा साफ केला आणि गुजराती-मराठी-अहिराणी सगळ्यांना कळेल अशा आवाजात सांगितलं, "पर्वत पाटिया. तळघरात. लेगिंगची अख्खी भिंत आहे आपल्याकडं."

माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. पण कोपरानं माझ्या कोपराला एक ढुशी दिली.

पुढचे दिवस जिन्यावर गर्दी. प्रत्येक पोरगी म्हणे, "उजेडात बघू या," आणि मी चढून उतरून दमले. प्लाझोचे गठ्ठे मामीनं स्वतः मागं टाकले. अमळनेरचं नाव दुकानात निघालं नाही.

फक्त कुंदन आला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला… गाण्यानं घाबरला असेल. का म्हटलं मी? भरचौकात, त्याच्या आईसमोर. वरच्या पायरीवर गेले की मी रस्त्याच्या त्या टोकापर्यंत पाहायचे, आणि हातातल्या पिसाचा रंग पाहायचा राहून जायचा.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तो उतरला. हातात डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट. नखांच्या कडा जांभळ्या.

"काय मॅच करायचंय, कुंदनभाई?" मी भिंतीकडं तोंड करून विचारलं. आवाज जागेवर राहावा म्हणून.

"काही नाही. तरी… उजेडात याल का?"

मामी गिऱ्हाइकाला कुर्ता दाखवत होती. तिनं डोळे वर केले नाहीत, म्हणजे सगळं पाहिलं. मी जिना चढले.

वर ऊन होतं. आज हातरुमालाएवढं नाही, चांगलं चादरीएवढं.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला ट्यूबखाली रंग कळतो. बाहेर तो कसा दिसेल, तेही कळतं. तेच तर माझं काम आहे. पहिल्या दिवसापासून कळत होतं."

"मग रोज हा जिना…"

"पीस वर आला की तुम्ही वर येता. तो नियम मला पहिल्याच दिवशी आवडला."

मला ओरडायचं होतं, जमलं नाही. "आणि तीन दिवस कुठं होतात?"

"आईशी बोलत होतो. तिला एक विचारलं, ती म्हणाली, विचार करून सांगते. मी रोज तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. आज सकाळी बोलली. म्हणाली, फ्रॉकमध्ये फिरत होती ती पोरगी… डब्यात ने तिच्यासाठी."

त्यानं डबा उघडला. पांढऱ्या फडक्यात रोटाचा तुकडा होता. तुपाचा, वेलचीचा वास माझ्या अंगावर आला.

मी हात पुढं केला नाही. डोळे भरले होते, रोट दोन दिसत होते.

"हा बाहेरच्यांना देत नाहीत," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

"पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा."

"म्हणून तर आज आलो. उद्या पौर्णिमा."

रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, कापडाचे गठ्ठे, माणसं, सुरतेचं सगळं चालू होतं. मी रोटाचा एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. तो माझ्याकडं बघत राहिला, नवा रंग पहिल्यांदा उन्हात धरल्यावर बघावं तसा.

"गोड आहे," मी म्हणाले. "तूही घे, कुंदन."

त्यानं वाट पाहिली. पुढं 'भाई' आला नाही. मग त्याचं हसू असं उमटलं की शेजारचा पानवालाही हसला.

खालून मामीचा आवाज आला. "धने, पीस कोणता नेलास वर?"

"कोणताच नाही, मामी," कुंदननंच उत्तर दिलं.

मग जिन्यातून मामीची पावलं वाजली. ती वर आली, उन्हात डोळे किलकिले केले, डबा पाहिला, फडक्यातला रोट पाहिला, माझ्या ओठाला लागलेला कण पाहिला.

"खाल्लास?" तिनं मला विचारलं.

मी मान हलवली.

मामीनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग कुंदनकडं वळून म्हणाली, "सुभद्राबाईंना म्हणावं, मी रविवारी येते बोलायला. आणि ही पोरगी भिंत सोडून कुठं जायची नाही, एवढं आत्ताच सांगून ठेव. दुकान तिच्यावाचून चालत नाही."