पहिल्या व्हर्जनमधली धाकटी

मोबाइल दुरुस्तीच्या त्या दुकानात मागच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. दुकान दादाचं. बाजारातून गायब झालेल्या मोबाइल गेम्सची पहिली व्हर्जन्स तो तिथे जपायचा. नव्या फोनवर ती चालत नाहीत, म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या पोटातच एक खोटा जुना फोन उभा केला होता. गेम लावण्याआधी इंटरनेटची वायर काढून ठेवायची, हा त्याचा नेम. नाहीतर गेम गुपचूप नवं रूप घेतो आणि जुनं गेलंच समजा.

सगळ्यांत लाडका गेम धाकट्या बहिणीने एका कंपनीसाठी बनवलेला; टेबलावर भुंगा पळवायचा, आणि आवाज तिचा स्वतःचा. ती वारली आणि कंपनीने नव्या व्हर्जनमध्ये तिचा आवाज काढून भाड्याचा घातला. भुंगा टेबलावरून पडला की "अगं बाई, आपटला!" म्हणणारी धाकटी आता जगात फक्त इथे होती. दादाची छाती फुगायची. "एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, ते मी केलं," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, त्यांनी विचारो न विचारो.

एका दुपारी भुंगा पडला आणि आवाज आला, "दादा, घाई नको करूस."

त्याने वायर पाहिली. काढलेलीच होती. फाइल तपासली, तसूभरही फरक नाही. रेकॉर्डिंगला तो स्वतः तिच्या शेजारी बसला होता; हे वाक्य त्यात नव्हतंच. पण घाबरायचं सोडून त्याला अभिमानाने भरून आलं. इतकं नीट जपलं, म्हणून तर बोलली! त्याने आईला बोलावून घेतलं. मग आई रोजच येऊन बसू लागली.

"आई, चष्मा पूस," धाकटी म्हणाली. आईने मुकाट्याने पुसला.

पण कॉम्प्युटर म्हातारा, अधूनमधून मान टाकायचा. तो कायमचा बसला तर धाकटी दुसऱ्यांदा जाणार. दादाने नवा कॉम्प्युटर आणला, गेमची हुबेहूब कॉपी केली आणि खात्री करायला दोन्ही शेजारी शेजारी लावले.

"बघ आई, आता काळजीच मिटली."

"दादा, जेवलास का?" जुन्यातून आलं.

नव्यातला भुंगा थबकला.

"दादा, तिकडे माझ्या आवाजात कोण बोलतंय?"

दादाचा हात माउसवरच राहिला.

मग दोन्हीकडून एकदमच आलं, अगदी हळू. "दादा, तिला बंद कर."



आईने त्याची बाही धरली. "अरे," ती कुजबुजली, "आपली कुठली?"