उशिरा सुटलेली गाडी

"तुमची बस भिंत फोडून पलीकडे गेली असती," हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य.

वाचनालयात दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी त्याच्यासमोर बसले होते, आणि हा गृहस्थ माझी वही उलटी वाचत होता! ब्रेक दाबलेल्या बसच्या त्वरणाला मी ऋण चिन्हच दिलं नव्हतं. म्हणजे चालक बिचारा ब्रेक दाबतोय आणि बस सुसाट सुटलीय. लोकांच्या वहीत नाक खुपसायची सवय आहे का, मी विचारलं. तर म्हणाला, पोटासाठी तेच करतो, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो.

वाहन निरीक्षकाच्या परीक्षेत याच विषयाने मला दोनदा आपटलं होतं. राग गिळला आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

मग रोज संध्याकाळी तेच टेबल. मी थेट उत्तरावर उडी मारायची, तो म्हणायचा, आधी चित्र काढा. घरात आत्या मला वावटळ म्हणते. तो मात्र 'जरा दमानं' असंही कधी म्हणाला नाही. नुसता पेन्सिलीला टोक करत बसायचा... आणि मीच गप्प व्हायचे. एकदा खोडरबर घेताना बोटं लागली, तर याचे कान लाल!

परीक्षा झाली, मी पास झाले, तरी गणितं घेऊन जातच राहिले. का, ते त्यानेही विचारलं नाही. आणि काल सहज सांगावं तसं म्हणाला, दुसऱ्या गावी कायमची नोकरी लागलीय, परवा निघतो.

बस्स, एवढंच? माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आज त्याच्या खोलीवर गेले. तो पुस्तकांना दोरी बांधत होता. मला कुठलं थांबायला जमतंय!

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "तुमचं काय ते सांगा."

त्याने तोंड उघडलं, मिटलं... आणि पुन्हा दोरीशी खेळायला लागला. मी ताडताड जिना उतरले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

कोपऱ्यावर मागून धावल्याचा आवाज आला. तोच. धापा टाकत, एका पायात चप्पल.

"एक गणित आहे," तो म्हणाला.

"आत्ता?"

"एक गाडी एकसमान वेगाने चाललीय. दुसरी उभी आहे. पहिली शेजारून जाते त्याच क्षणी दुसरी सुटते, त्वरण कायम. पहिलीला गाठते तेव्हा तिचा वेग किती?"

असा संताप आला! तरी मेलं डोकं चालायला लागलंच. तेवढ्याच वेळात तेवढंच अंतर, म्हणजे सरासरी वेग सारखा. आणि ही तर शून्यापासून निघालेली...

"पहिलीच्या दुप्पट," मी म्हटलं.

"तेच सांगायचं होतं. मला सुटायला उशीर होतो. पण मी तुम्हाला जेवढा आवडतो ना... त्याच्या दुप्पट तुम्ही मला आवडता."

मला हसूही आवरेना, रडूही थांबेना.

"दर रविवारी मी इकडे येत जाईन," तो म्हणाला. "चालेल?"

"नाही चालणार."

त्याचा चेहरा एवढासा झाला. पास झालेल्या आम्हा निरीक्षकांना नेमणुकीसाठी हवं ते गाव मागता येतं, आणि मी अजून कुठलंच मागितलं नव्हतं, हे त्या वेड्याला कुठून माहीत असणार?

"गावाचं नाव सांग," मी म्हटलं. अहो-जाहो कुठे गळून पडलं, कोण जाणे.

त्याने सांगितलं. लगेच.