म्हाळसाबाईंची हाळी

एकशे ऐंशी.

परभणीच्या त्या रुग्णालयात वरच्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डाला लागूनच तपासणीची खोली होती. डॉक्टर राजेश्रीला ही सोय आवडायची. रक्त काढलं की सीआरपीचा आकडा लगेच हातात. अंगात जंतू मातले की तो चढतो, औषध लागू पडलं की दमादमानं उतरतो. दहाच्या आत आला की लेकरू सुटलं.

बोरीच्या भक्तीचा आज संध्याकाळी एकशे ऐंशी. न्यूमोनिया. औषधं बदलूनही चढताच.

"सकाळी उतरला नाही तर नांदेडला हलवू," राजेश्री भक्तीच्या आजीला, म्हाळसाबाईंना म्हणाली. पोर वाटेत टिकेल का, ते बोलली नाही.

म्हाळसाबाईंची जिंदगी मेंढरांमागं गेलेली. त्यांनी विचारलं, "बाई, रोज तिचं रगत काढायलाव. ठेवायलाव कुठं?"

"तिथं आत, फ्रिजमध्ये. का?"

"लेकरू इथं, रगत तिथं. कळप फुटला की एकट्या मेंढराला बोलवून भागत न्हाई. समद्यास्नी हाळी द्यावी लागती."

"आजी, भक्ती मेंढरू नाही."

"ठावं हाय. मेंढरू इतक्या सुया टोचू देत न्हाई."

राजेश्रीला हसू आलं. म्हाळसाबाई मात्र तपासणीच्या बंद दारापाशी गेल्या. तोंडाशी हात धरून त्यांनी हाळी दिली. एकच. माळावरची, लांब.

वॉर्डातली रडणारी पोरं गप्प झाली. दाराआड रक्ताच्या नळ्या किणकिणल्या. फ्रिज सुरू झाला असेल.

चार.

सकाळी भक्ती खाटेवर बसून शेजारच्या पोराची बिस्किटं संपवत होती.

"नळी बदलली असेल," राजेश्री म्हणाली.

"मलाबी तेच वाटलं, मॅडम. दोनदा लावली," तपासणीचा धम्मानंद म्हणाला.

एका रात्रीत इतका उतरत नाही. तिनं स्वतः रक्त काढलं. चार. छातीला स्टेथोस्कोप लावला. श्वास मोकळा, स्वच्छ. भक्तीचा बाप महारुद्र पेढे आणायला पळाला. राजेश्रीनं दोन खाल्ले. कितीतरी दिवसांत अशी सकाळ आली नव्हती.

चार.

"कालची नळी लाव," ती म्हणाली. मनाची खात्री म्हणून.

काल अंगातून निघालेलं, काचेत बंद केलेलं रक्त. काल एकशे ऐंशी होतं.

आज चार.

परवाचंही.

"यंत्र तपासलं का?"

"तपासलं. यंत्र बरोबर हाय."

मग फ्रिजमधल्या बाकीच्या नळ्या. वॉर्डातल्या एकेका लेकराच्या. चार. चार. चार.

बाहेर गलका उठला. तिनं डोकावलं. एकही लेकरू निजलेलं नव्हतं. आया हसत होत्या, रडत होत्या. तिच्याही डोळ्यांना धार लागली, ती तिनं पुसली नाही.

"मॅडम." धम्मानंदच्या हातात शेवटची नळी होती. "हीबी चार."

चिठ्ठीवर नाव होतं. आदिनाथ, चुडावा.

तो सोमवारी गेला होता. त्याचे डोळे तिनंच मिटले होते.

ती बाहेर आली. म्हाळसाबाई वॉर्डाचं दार धरून उभ्या होत्या. हातात एक पेढा राखून ठेवलेला.

"दार लोटू नका, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "एक लेकरू आजून जिना चढायलंय."