पाव दिवसाचा पूर

मे महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि नदीला पूर. कसा काय?

वैजूआत्याने हा प्रश्न जेवताना विचारला आणि माझं जेवण तिथेच संपलं. आत्या गाळशास्त्रज्ञ आहे (नद्यांनी आणून टाकलेला चिखल वाचून जुन्या गोष्टी ओळखणारी). डहाणूकडच्या एका नदीच्या पात्रात नळी ठोकून तिने मातीचा लांब नमुना काढला होता. त्यात वर्षावर्षाचे थर वेगळे दिसतात. १९२९च्या उन्हाळ्याच्या जागी एक बारीक काळी रेघ होती.

"शर्वाणी, हा गाळ आपल्याकडचा नाही," आत्या म्हणाली. "इजिप्तमधल्या नाइल नदीचा आहे. ती इथे कशाला आली होती?"

"जाऊन बघू की."

२०७४ साल आहे, संस्थेची कालनौका (मागच्या काळात नेणारं यान) शनिवारी रिकामीच असते, आणि नववी पास झाल्यापासून मला फारशी भीती वाटत नाही. आत्याने आढेवेढे घेतले, पण पायात बूट घालता घालता.

११ मे १९२९, भर दुपार. आम्ही उतरलो ती चिकूची वाडी. पुढे मोठा बंगला, आणि बंगल्याखाली कोरडी नदी. पात्रातल्या वाळूत कलिंगडांच्या वेली पसरलेल्या, मधेमधे बारा-तेरा झोपड्या. ही माणसं दर उन्हाळ्यात पात्रातच राहून कलिंगडं राखायची. एक छोटी मुलगी स्वतःएवढं कलिंगड पायाने ढकलत नेत होती.

बंगल्यात शिरलो तर मालकीणबाई जेवणाच्या टेबलावर उभ्या. पारशी पद्धतीची साडी, हातात छत्री.

"कोण तुम्ही?"

"पाहुणे," आत्या म्हणाली.

"मग वर या. खाली ओलं हाय."

खरंच ओलं होतं, कारण कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं. माणूस निळा होता. पोट माठाएवढं, आणि डोक्यावर पपायरसचा झुपका (नाइलकाठचं लव्हाळ्यासारखं गवत).

मालकीणबाईंचं नाव फ्रेनीबाई. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनियर. त्यांनी अलेक्झांड्रियाहून एक दगडी मूर्ती आणली होती. आज फ्रेनीबाईंचा वाढदिवस, म्हणून त्यांनी दाराला तोरण लावलं आणि मूर्तीलाही गुलाबपाण्याने आंघोळ घातली. "तर यानं डोळे उघडले, डिकरी (पोरी). नवरा बोटीवर अन् देव दिवाणखान्यात. मी काय करू?"

आम्ही कानात भाषायंत्र (कुठलीही भाषा आपल्या भाषेत ऐकवणारं यंत्र) लावलं आणि एक फ्रेनीबाईंनाही दिलं.

"मी हापी," निळा देव म्हणाला. "पूर आणणारा. आज वर्षाचा पहिला दिवस, पुराच्या ऋतूचा पहिला दिवस. माझ्या अंगावर पाणी पडलं, मी उठलो. माझं पाणी निघालं आहे. ऊन त्या खिडकीत येईल तेव्हा ते इथे पोचेल."

आत्याने खिडकी बघितली. "अर्धा तास. शर्वे, तू याला बोलण्यात गुंतव." आणि ती नदीकडे धावत सुटली.

मला खिडकीतून सगळं दिसत होतं. आत्या हातवारे करतेय, माणसं हसतायत. एका आजोबांनी तिला कलिंगडाची फोड दिली. मे महिन्यात पूर म्हणे. मीसुद्धा हसलेच असते.

म्हणजे आता मीच. देवाला आपण तूच म्हणतो, म्हणून मीही म्हटलं, "हापी, तू चुकलायस."

"मी?" त्याच्या बोटांतून धारच लागली. "तीस दिवसांचे बारा महिने, वर पाच दिवस. तीनशे पासष्ट झाले की नवं वर्ष. साडेचार हजारांहून जास्त वर्षांत एक दिवस मोजायचा राहिला नाही माझा."

"मोजलंस बरोबर. पण वर्ष तेवढ्यात संपत नाही."

त्याला पटेना. मग मी टेबलाभोवती फेरी मारून पावलं मोजली. बारा पडली आणि थोडं अंतर उरलं. पाऊल किंचित ताणलं तेव्हा बरोबर सव्वाबारा झाली.

"बघ. टेबल म्हणजे सूर्य. मी पृथ्वी. पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी मारते ते वर्ष, आणि माझं एक पाऊल म्हणजे समज एक दिवस. ही रवोची (पारशी गोड रव्याची) बशी म्हणजे पुराची खरी वेळ. मी बशीपासून निघते. बारा पावलं झाली की तू 'नवं वर्ष' म्हण."

"नवं वर्ष," हापी म्हणाला. मी थांबले. बशी अजून पाव पाऊल पुढे होती.

"पुन्हा."

मी फिरत राहिले, तो म्हणत राहिला. चार फेऱ्यांनी मी बशीच्या एक पाऊल अलीकडे, आठ फेऱ्यांनी दोन पावलं अलीकडे. समोर बशी नव्हतीच, लोणच्याची बरणी होती. मला गरगरत होतं.

"पृथ्वीचंही असंच. फेरी पुरी व्हायला तीनशे पासष्ट दिवस आणि वर जवळजवळ पाव दिवस लागतो. तू तो पाव दिवस दरवर्षी सोडून दिलास. चार वर्षांनी एक दिवस गेला, एकशेवीस वर्षांनी महिना. इतक्या वर्षांत तू तीनदा सगळे ऋतू मागे टाकून फिरून आलास. आत्ता खरा पूर दोन महिने लांब आहे."

"आमच्या एका राजाने या पाव दिवसाचं काहीतरी सांगितलं होतं," हापी पुटपुटला. "पुजाऱ्यांनी ऐकलं नाही." मग मान ताठ करून म्हणाला, "सूर्य उशीर करतो. त्यात माझा काय दोष?"

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या चौकटीला ऊन लागलं होतं.

तेवढ्यात फ्रेनीबाई टेबलावरून उतरल्या, पाण्यात, सपाता घालून. "ऐक माझं. आमचं पंचांग तुझ्यासारखंच हाय. बारा महिने तीसतीसचे, वर पाच गाथाचे दिवस. आमचा नवरोजपण (पारशी नवं वर्ष) सरकतो. शंभर वर्षांमागे ऑक्टोबरात होता, आता सप्टेंबरात. चालतं आम्हाला. आमच्या नवरोजला कोण बुडत नाय, बाबा. तुझ्या नवरोजला बुडतात." आणि त्यांनी छत्रीने खिडकीबाहेर दाखवलं.

हापीने पहिल्यांदाच बाहेर पाहिलं. ती छोटी मुलगी आता कलिंगडावर बसली होती.

"ती पात्रात काय करते?"

"राहते," मी म्हणाले.

"माझी माणसं माझ्या दिवसांत उंचावर जायची. तिथून माझी वाट बघायची." त्याने पात्रभर नजर फिरवली. "इथे कुणीच वाट बघत नाही."

नदीच्या वळणावर काळं पाणी दिसलं. पात्रातली माणसं उठली, बाजेवर चढली, कुणी पोरं खांद्यावर घेतली. आत्याने त्या मुलीला उचललं. हापीने तळहात पुढे धरला. पाणी आलं, आत्याच्या घोट्यापर्यंत चढलं, आणि थांबलं. मग हळूहळू वाळूत जिरलं. मागे काळ्या गाळाचा पातळ थर तेवढा राहिला.

आत्या परतली तेव्हा हापी खुर्चीवर बसला होता आणि फ्रेनीबाई त्याला रवो वाढत होत्या.

"तो पाव दिवस तुम्ही कुठे ठेवता?" त्याने विचारलं.

"चार पाव साठले की एक अख्खा दिवस करून वर्षात घालतो," आत्या म्हणाली. "ते लीप वर्ष (३६६ दिवसांचं वर्ष). पण तो पुरता पाव नसतो, किंचित कमी असतो, म्हणून चारशे वर्षांत तीन लीप वर्षं वगळतो."

"मग आता बरोबर?"

"अगदी नाही. वर्षाला साधारण सव्वीस सेकंद चुकतातच. तीन हजार वर्षांहून जास्त काळाने एक दिवस."

हापी मोठ्याने हसला. "म्हणजे तुमचंही सरकतंय. तेव्हा कोण सांगणार?"

"यंदाचं मी सांगते," फ्रेनीबाई म्हणाल्या. "जुलैत नदी आपोआप भरली की उठवते तुला. नुसतं बघायला. तोवर झोप." त्याने बशी चाटून पुसून साफ केली आणि बसल्या जागी दगड झाला.

घरी आल्यापासून मी तीन वह्या भरल्यात. सव्वीस सेकंद म्हणजे काहीच नाही, असं आत्यालाही वाटतं. पण पाव दिवसही त्या पुजाऱ्यांना काहीच वाटला नव्हता. मला एक उपाय सुचलाय. आत्ताच सांगत नाही, आकडेमोड पुन्हा एकदा तपासतेय.